कादंबरीतील बिऱ्हाड आणि त्याचे भाडे

मराठी कादंबरीचा नायक पदवीधर होतो, मुंबईस येतो, नोकरीस लागतो, प्रेमात पडतो, निराश होतो, क्वचित समाजावर रागावतोही. परंतु ही सर्व कार्ये तो ज्या खोलीत करतो त्या खोलीचे भाडे किती, आणि ते त्याच्या पगाराचा कितवा हिस्सा, असे विचारले तर बहुतेक कादंबऱ्या मौन धरतात. नायक जेवतो, पण खाणावळीचे बिल येत नाही. तो गाडीने हिंडतो, पण पास कधी संपत नाही. महिनाअखेर ही तिथी आमच्या कथावाङ्मयाच्या पंचांगात जवळजवळ नाहीच म्हटले तरी चालेल.

हा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे, कलाकृतीस वाण्याची वही लावू नये, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांस माझे इतकेच सांगणे की, व्हेनिसच्या व्यापाऱ्याने तीन हजार डकॅट कर्ज घेतले हे आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत, आणि त्या आकड्याने नाटकाच्या काव्यास बाध आल्याचे अद्याप कोणी म्हटलेले नाही. शिवाय ह्या मौनाचा परिणाम केवळ ग्रंथांपुरता राहत नाही. आमच्या सुशिक्षित घरांतून मुंबईविषयीची कल्पना मुख्यतः वाचनातून आणि वडीलमंडळींच्या आठवणींतून तयार झालेली असते. ह्या कल्पनेत मुंबई गैरसोयीची असली तरी परवडणारी असते. मग मुलगा पदवी घेऊन तेथे जातो, सहा महिन्यांनी घरी पैसे पाठवू शकत नाही, आणि वडील म्हणतात, 'आम्ही तर चाळीत दहाजणांत राहून घरी मनिऑर्डर करीत होतो.' मुलगा गप्प बसतो. ह्या गप्प बसण्यास आमचे वाङ्मय काही अंशी जबाबदार आहे, असे माझे मत आहे आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

मुंबईचे बिऱ्हाड मराठी कादंबरीत प्रथम मोठ्या दिमाखाने आले ते हरिभाऊ आपटे ह्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्ये. १८९० पासून ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः येत होती. यमू आणि रघुनाथराव ह्यांचा मुंबईतील संसार हा त्या करुण ग्रंथातील एकच उजेडाचा भाग होय. वडीलधाऱ्यांच्या नजरेबाहेर पतिपत्नी एकमेकांशी बोलू शकतात, यमू वाचू लागते, चार माणसांत वावरू लागते. शहरातील खोली म्हणजे मोकळीक, हा अर्थ हरिभाऊंनी आमच्या कादंबरीस दिला आणि तो फार मोलाचा आहे. परंतु मोकळीक विकत घ्यावी लागते, दरमहा घ्यावी लागते, ही बाजू वाचकाच्या मनावर ठसत नाही. त्यांच्यासमोर त्या काळी सोवळ्याओवळ्याचा, केशवपनाचा, बालविवाहाचा डोंगर होता. भाड्याचा विचार त्यांनी मागे टाकला तर त्यांस दोष देणे शोभणार नाही. दोष असेल तर तो नंतरच्यांचा, ज्यांनी मोकळीक उचलली आणि हिशेब मागेच राहू दिला.

इंग्रजी वाङ्मयात असे झाले नाही. १८९१ साली जॉर्ज गिसिंगने 'न्यू ग्रब स्ट्रीट' लिहिली. तिच्यातील रिअर्डन हा लेखक, पण त्याची शोकांतिका पौंड, शिलिंग आणि पेन्स ह्यांत मोजलेली आहे. उत्पन्न घटते, राहती जागा सोडून हलक्या वस्तीत जाण्याची वेळ येते, पत्नी तसे जाण्यास नकार देते आणि माहेरी निघून जाते. प्रेम आटले म्हणून भाडे जड झाले की भाडे जड झाले म्हणून प्रेम आटले, हे गिसिंग सांगत बसत नाही. दोन्ही एकाच वहीत मांडतो. पुढे १९३६ साली जॉर्ज ऑर्वेलने 'कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग' मध्ये गॉर्डन कॉमस्टॉक उभा केला. जाहिरातींच्या कचेरीतील बरी नोकरी सोडून हा तरुण आठवड्यास दोन पौंडांवर पुस्तकांच्या दुकानात काम करतो. कादंबरी उघडते तेव्हा त्याच्या खिशात साडेपाच पेन्स आहेत, आणि त्यांतील तीन पेन्सांचे नाणे असे की ते दुकानदारापुढे टाकावयास त्याला लाज वाटते. सिगारेटी चारच उरल्या आहेत. पुढे प्रेयसीला घेऊन तो शहराबाहेर जातो तेव्हा हॉटेलचे बिल अपेक्षेबाहेर होते आणि सारा दिवस त्या बिलाने नासतो. गॉर्डन हा गृहस्थ मला मुळीच आवडत नाही. तो हट्टी आहे, आत्मकरुणेत लोळणारा आहे. तरी कमी पगार माणसाच्या बोलण्यात, चालण्यात, प्रेमात आणि हस्तांदोलनातसुद्धा कसा शिरतो हे त्याच्यावाचून मला कळले नसते.

आता आपल्या चाळीकडे यावे. मध्यमवर्गीय मराठी घरांत मुंबईच्या राहणीचे जे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे ते पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'बटाट्याची चाळ' ह्या १९५८ सालच्या पुस्तकाने काढलेले आहे. ह्या पुस्तकावर मी प्रेम करतो आणि ते सोडण्याचा माझा विचार नाही. मात्र त्यातील एक गोष्ट पुन्हा वाचताना माझ्या ध्यानी आली ती अशी. चाळकरी चळवळ करतात, मोर्चे काढतात, घोषणा देतात. पण ती चळवळ गच्चीसाठी आहे. 'गच्चीसह झालीच पाहिजे' ही त्यांची मागणी. खोलीसाठी त्यांस भांडावे लागत नाही. जागा अपुरी आहे, नळावर तंटे आहेत, जिने मोडके आहेत, सर्व आहे. परंतु पुढच्या महिन्यात आपण येथे असू की नाही ही चिंता कोणाच्या कपाळी नाही. पुस्तकातील सारा विनोद ह्या निश्चिंतीवर उभा आहे. उपास करावा, भ्रमणमंडळ काढावे, संगीतिका बसवावी, हे ज्याच्या डोक्यावरचे छप्पर हलत नाही त्यालाच सुचते.

छप्पर हलत नव्हते ते चाळकऱ्यांच्या पुण्याईने नव्हे, कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्याच्याशी बांधून टाकले. पगार वाढले, धान्य महागले, सोने कोठल्याकोठे गेले, आणि खोलीचे भाडे मात्र महायुद्धाच्या पहिल्या वर्षातच उभे राहिले. मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने खोली सोडली नाही. पागडीचा व्यवहार वाढला. हे न्याय्य होते की अन्याय्य ह्या वादात मी शिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ह्या गोठवणुकीच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले, आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. माझ्या दृष्टीने मुद्दा एवढाच की, ज्या राहणीला आपण मराठी माणसाचा काटकसरी स्वभाव समजून डोक्यावर घेतले ती राहणी पुष्कळ अंशी एका कायद्याच्या कलमावर चाललेली होती.

दुसरा आधार नात्यागोत्याचा. 'मुंबईत रोटला मिळेल, पण ओटला मिळायचा नाही' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पण नवख्यास ओटला मिळवून देण्याची व्यवस्था मुंबईत होती. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावमंडळांच्या खोल्या होत्या. तेथे एकाच्या पाळीला दुसरा त्याच्या जागी निजे, आणि जेवण बाईच्या खाणावळीत होई. ह्याच खाणावळवाल्या बायांची संघटना प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ह्या नावाने उभी केली. पांढरपेशा पदवीधर गिरगावात किंवा दादरला मामाच्या, काकाच्या घरी उतरे आणि गॅलरीत वळकटी टाकी. मामीच्या कपाळावरील आठी हे त्याचे भाडे. ते जड नव्हते असे नाही, पण ते पैशांत द्यावे लागत नसे. ह्या मामीला आमच्या वाङ्मयाने कधी न्याय दिला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

कायदा आणि मामी हे दोन्ही आधार आजच्या पदवीधरापाशी नाहीत. मामा बदलापुराकडे गेला. त्याच्या दोन खोल्यांत त्याचीच मुले मावत नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याने मला आपला हिशेब लिहून पाठविला होता, तो येथे देतो. पगार २८,००० रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसायकराचे २०० गेले की हाती २६,०००. (फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० असतो, म्हणजे वर्षाचा सर्वांत आखूड महिना सर्वांत महाग, अशी त्याची टीप होती.) घणसोलीस चौघांत मिळून दोन शयनगृहांचा फ्लॅट, भाडे ३४,०००, त्याचा वाटा ८,५००. डबा ४,५००. वीज, गॅस, इंटरनेट इत्यादी १,२००. प्रवास १,५००. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता ५,०००. घरी ३,०००. बाकी राहतात २,३००, आणि त्यात कपडे, औषध, केस कापणे, मित्राच्या बहिणीचे लग्न आणि दिवाळीचा गावी जाण्याचा प्रवास.

पण ह्या हिशेबात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटला तो मासिक खर्च नव्हे. पहिला पगार हाती पडण्यापूर्वी त्याने काय दिले ते पाहावे. तीन महिन्यांच्या भाड्याएवढे डिपॉझिट, त्याचा वाटा २५,५००. दलालाला एक महिन्याचे भाडे, त्याचा वाटा ८,५००. आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ ८,५००. एकूण ४२,५०० रुपये. म्हणजे नोकरी करण्यासाठी, नोकरी सुरू होण्याआधी, दीड महिन्याच्या पगाराहून अधिक रक्कम. ही रक्कम वडिलांनी दिली. ज्याच्या वडिलांपाशी ती नसते तो त्या नोकरीस जातच नाही, आणि आपण मात्र तो स्पर्धेत मागे पडला असे म्हणतो. गुणवत्तेच्या परीक्षेआधी ही एक परीक्षा आहे. तिचा निकाल वर्तमानपत्रात छापून येत नाही. अकरा महिन्यांनी करार संपला की मालक भाडे वाढवितो किंवा जागा मागतो, दलाली पुन्हा. हा मुलगा ज्या कचेरीत जातो ती लोअर परळला, एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे. गिरणी चालत होती तेव्हा तेथला कामगार चालत कामावर जाई. हा घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून परळ, असा जाण्यायेण्यात तीन तास घालवितो. हे तीन तास भाड्याचाच भाग आहेत, पण ते कोणत्याही पावतीवर येत नाहीत.

अशा मुलास आमच्या वाङ्मयात आपला चेहरा कोठे सापडेल? भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' (१९६३) त्याला आवडते, आणि ते साहजिक आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांच्या पैशांवर शिकतो, वसतिगृहात मेसचा कारभार अंगावर घेऊन तोट्यात जातो. बापलेकांमध्ये जो ताण आहे त्यात पैसा हा एक मोठा धागा आहे. मराठी कादंबरीत पैशाचा असा खरा, खरखरीत उल्लेख दुर्मिळ, आणि मला तर ते त्या कादंबरीचे एक मोठेपण वाटते. परंतु पांडुरंगास पगार नाही. तो परत सांगवीला जातो. पुढे 'बिढार' (१९७५) मधील चांगदेव पाटील मुंबई सोडतो आणि प्राध्यापकीसाठी गावोगाव फिरू लागतो. दोन्ही नायकांनी शहरापासून पाठ फिरवून शहरावर टीका केली. पहिल्या पगारावर शहरात टिकून राहणे, ही जी न संपणारी, कंटाळवाणी आणि काहीशी शौर्याची गोष्ट आहे, ती त्यांच्या वाट्यास आली नाही.

नवल असे की, ह्या बाबतीत चित्रपट कादंबरीच्या पुढे गेला. राजा ठाकूर ह्यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) ह्या चित्रपटात चाळीतल्या जागेत नवविवाहितांस एकान्त मिळत नाही ही अडचण हसत हसत दाखविली. त्यावरून १९७२ साली हिंदीत 'पिया का घर' झाला. तेथे जागा थोडी आहे, पण आहे. पाच वर्षांनी आलेल्या 'घरौंदा' (१९७७) मध्ये हसू मावळलेले आहे. एका कचेरीत काम करणारे दोघे फ्लॅटसाठी पैसा पैसा साठवितात, बिल्डर फसवितो, आणि तो तरुण आपल्या प्रेयसीस सुचवितो की तिने आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करावे, म्हणजे थोड्याच दिवसांत सर्व आपले होईल. कथा शंकर शेष ह्यांची, दिग्दर्शन भीमसेन ह्यांचे. हा प्रसंग मी प्रथम पाहिला तेव्हा तो मला अतिरंजित वाटला होता. आज वाटत नाही असे नव्हे. उत्तरार्धातील काही कलाटण्या अजूनही सोयीच्या वाटतात. तथापि चांगल्या स्वभावाचा, सुशिक्षित, प्रेम करणारा मुलगा केवळ चार भिंतींसाठी असे बोलू शकतो, हे धैर्याने दाखविणारी त्या वेळची मराठी कादंबरी मला आठवत नाही. रंगभूमीवर जयंत पवार ह्यांच्या 'अधांतर' ने (१९९७) गिरणी बंद पडल्यावर एका कामगार कुटुंबाच्या खोलीत काय शिल्लक राहते ते निर्दयपणे मांडले. तेथे खोली आहे, पगार नाही. आजच्या पदवीधराचे नेमके उलट. पगार आहे, खोली नाही. ह्या उलट बाजूचे नाटक अजून व्हावयाचे आहे.

कोणी म्हणेल, डबा, पास आणि दलाली ह्यांतून कादंबरी कशी व्हावी, वाचक कंटाळेल. गिसिंगने ह्या आक्षेपाचाही विचार करून ठेवलेला आहे. त्याच्या कादंबरीत बिफेन नावाचा एक उपाशी लेखक आहे. तो एका सामान्य किराणा दुकानदारावर कादंबरी लिहितो, एकही नाट्यमय प्रसंग न घालता, आणि घराला आग लागली असता जिवावर उदार होऊन हस्तलिखित वाचवितो. ते पुस्तक खपत नाही. गिसिंग बिफेनला हसतो आणि त्याच्यापुढे नमतोही. तेव्हा कंटाळ्याची भीती खरी आहे हे मी मान्य करतो. पण कंटाळा येतो तो आकड्यांचा नव्हे, आकड्यांमागे माणूस नसल्याचा. आमच्या विद्यार्थ्याच्या हिशेबातील 'मित्राच्या बहिणीचे लग्न' ह्या तीन शब्दांत एक अख्खे प्रकरण आहे. आहेर किती द्यावा, न जावे तर कोणते निमित्त सांगावे, सुटी मागितली तर पगार कापतील का, आणि तेथे भेटलेल्या ओळखीच्या काकूंनी 'मुंबईला असतोस म्हणे, मग काय, मजा आहे' असे म्हटले की काय उत्तर द्यावे.

आणि हे सर्व मुलाविषयी झाले. मुलीची गोष्ट ह्याहून वेगळी आहे आणि अधिक लिहिण्याजोगी आहे. चौघी मैत्रिणींनी मिळून घर पाहिले तर सोसायटी प्रश्न विचारते. अविवाहित मुली नकोत असे दलाल आधीच सांगून टाकतो. मग पेइंग गेस्ट म्हणून एका खोलीत तिघी, कपाटाचा एक कप्पा, स्वयंपाकघरास हात लावावयाचा नाही, आणि रात्री दहाला दार बंद. कचेरीतून निघण्यास उशीर झाला तर गाडी, रिक्षा आणि ते दार ह्यांचा मेळ घालावा लागतो. सुरक्षित वस्तीत राहावयाचे म्हणून ती भावापेक्षा जास्त भाडे देते; पगार मात्र त्याच्याइतकाच, क्वचित कमी. तरीसुद्धा ती गावी परत जात नाही. का जात नाही, हे यमूने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेले आहे. त्या खोलीत आणि यमूच्या मुंबईतील बिऱ्हाडात जे साम्य आहे, आणि दरमहा पाच तारखेस द्यावयाच्या रकमेने त्यात जे अंतर पडले आहे, ते जाणणारी एखादी मुलगी आज घणसोलीच्या किंवा डोंबिवलीच्या गाडीत उभी असेल. तिने लिहावयास घेतले तर पहिल्या पानावर भाड्याचा आकडा घालण्यास संकोच करू नये.